काळ्या नाळेतली हाक

बसा, बसा. एवढी घाई कसली? अजून जेवण उतरायचंय तुमचं. ताई, ते लाकूड जरा आत सरकवा, धूर सगळा तुमच्याकडे येतोय. हां, असं.

तर तुमचं म्हणणं काय, की आत्ताच निघू, काळ्या नाळेनं तासाभरात पठारावर पोचू आणि वर टाक्यापाशी तंबू ठोकू. मोबाईलच्या नकाशात ती वाट ठिपक्यांनी दाखवलीय, ते मी पाहिलं. वाट आहेच. नाही म्हणत नाही मी. दोन कड्यांच्या मधून दगडगोट्यांनी भरलेली घळ सरळ पठारावर निघते, तिलाच आम्ही नाळ म्हणतो. दिवसा बघाल तर म्हणाल, यात काय एवढं? पण आज रात्री तुम्ही माझ्या ओट्यावर झोपणार आणि उद्या उजाडल्यावर गायवाटेनं वर जाणार. तीन तास लागतील. लागू देत. का ते सांगतो, आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

ऐका आता. चौदा वर्षं झाली. असाच मार्गशीर्ष होता. अशीच थंडी. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. तुम्ही टेकलात ना दादा, त्याच खांबाला टेकून केंजळे मिस्त्री बसले होते. ताटात अर्धी भाकरी होती. ती तशीच टाकून ते उठले. बूट घातले, बॅटरी घेतली आणि अंधारात चालू लागले. काळ्या नाळेकडे. एकटे. बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा.

का उठले? तेच सांगायचंय. पण आधी माणूस कोण होता ते कळायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, होता कुणी वेडा, गेला.

वेडा नव्हता बरं का. अजिबात नव्हता.

केंजळे मिस्त्री पुण्याचे. एका कारखान्यात जन्मभर मशिनी दुरुस्त केल्या आणि रिटायर झाले. मी पहिल्यांदा साहेब म्हणालो, तर म्हणाले, साहेब म्हणू नकोस, देवजी, मी मिस्त्री आहे. तेव्हापासून सगळा गाव त्यांना मिस्त्री म्हणायला लागला. त्यांना एकच मुलगी, केतकी. तेवीस वर्षांची. ती त्याच्या आदल्या वर्षी, असल्याच दिवसांत, अकरा मित्रमैत्रिणी घेऊन इथं आली होती. तुमच्यासारखीच. पाठीवर सॅक, गळ्यात शिट्टी. मीच त्यांना गायवाटेनं वर नेलं. मीच पिठलं-भात केला. रात्री गाणी झाली, हसणं झालं, मग एकेक जण तंबूत शिरला. मी आपला शेकोटीजवळ घोंगडी घेऊन पडलो.

पहाटे तीनच्या सुमाराला केतकीच्या तंबूतल्या मैत्रिणीला जाग आली. बघते तर केतकी उठून बसलेली. बाहेरच्या कुणाला तरी म्हणत होती, "आले गं, थांब जरा." मैत्रिणीला वाटलं, शेजारच्या तंबूतली कुणी बाहेर जायला सोबत मागत असेल. ती कूस बदलून झोपली.

सकाळी केतकी नव्हती.

सगळ्या मुलींना विचारलं. कुणीही हाक मारली नव्हती. एकीनंही नाही.

मग काय, पोलीस आले, फॉरेस्टवाले आले, डोंगरात माणसं शोधणारी ती दोरवाली पोरं आली, आमचा अख्खा गाव आला. अकरा दिवस शोधलं. काळ्या नाळेच्या वरच्या तोंडाशी तिची एक चप्पल सापडली. उंबऱ्यात काढून ठेवावी तशी, नीट. बाकी काही नाही. कपड्याची चिंधी नाही, केस नाही. काही नाही. बाराव्या दिवशी सगळे परत गेले.

मिस्त्री मात्र गेले नाहीत. म्हणजे गेले, पण पंधरा दिवसांनी परत आले. मग दर दुसऱ्या शनिवारी यायला लागले. पहिली एसटी धरायची, फाट्यावर उतरायचं, तिथून चार मैल चालत माझ्या घरी. रविवारभर डोंगर. सोमवारी परत. पावसाळ्यातही. येताना एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश. शोधून झालेल्या दगडावर पांढरा ठिपका द्यायचा आणि पुढे जिकडे गेले तिकडे बाण. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, मशीन उघडलं की एकेक भाग मोजून बाजूला ठेवायचा असतो, तसा हा डोंगर मोजून काढू, मग राहील कुठे ती?

आणि संध्याकाळी हात रिकामे ठेवायचे नाहीत. गिरणीचं इंजिन त्यांनी सुरू करून दिलं. पाण्याचा पंप दुरुस्त केला. माझ्या चुलतभावाची जीप दोन वर्षं उकिरड्याशेजारी उभी होती, ती त्यांनी चालू केली. पण कधी डोळ्यांतून पाणी काढलं नाही. वर्षभरात एकदाही नाही. माझी बायको पारू म्हणायची, हा माणूस एकदा रडला तर बरा होईल.

माझी एकच अट होती त्यांना. चारच्या पुढे नाळेत थांबायचं नाही. ती त्यांनी वर्षभर पाळली. का म्हणून विचारलंही नाही.

तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. चकवा आहे तिथं.

हसू नका. तुम्हाला चकवा म्हणजे वाट चुकवणारं काहीतरी एवढंच माहीत असेल. माणूस गोल गोल फिरत राहतो आणि सकाळी बघतो तर आपण घराच्याच मागे. तो साधा. काळ्या नाळेतला तसा नाही. त्याला तोंड नाही, अंग नाही. तो आवाज ठेवून घेतो. त्याच्याकडे जो गेला, त्याचा आवाज त्याच्यापाशी राहतो, आणि पुढच्याला बोलवायला तो तोच आवाज वापरतो. माझ्या लहानपणी तिथून एका गुराख्याची हाक यायची. गुरं वळवताना घालतात ना, तशी. तो गुराखी माझ्या जन्माच्या आधीच गेला होता. ती हाक आली की आम्ही दारं लावून घ्यायचो आणि जेवायला बसायचो. सवय झाली होती.

तर त्या रात्री. वर्ष पुरं झालं होतं, तिथीनं. मिस्त्री जेवताना स्वतःहून बोलले. घरी शालनबाई, म्हणजे त्यांची बायको, मुलीचं तेरावं घालू म्हणून सहा महिने मागे लागली होती. ते नाही म्हणत होते. पण आता तिला शब्द दिला होता. ही शेवटची फेरी. उद्या डोंगर बघायचा, परवा घरी जायचं आणि तेरावं घालायचं. एवढं बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

आणि शिट्टी वाजली.

वरून. नाळेकडून. तुमच्या त्या सॅकला असते ना, तसली बारीक, कानात शिरणारी शिट्टी. तीनदा. मग थांबली. मग परत तीनदा.

पारूच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. शेजारच्या घराचं दार लागल्याचा आवाज आला. मग त्याच्या पुढच्या घराचं. मी मिस्त्रींकडे बघितलं. त्यांनी घास खाली ठेवला होता. परत तीनदा वाजली. ते उठले, आणि मघाशी सांगितलं तसे गेले.

पारू माझ्या आडवी आली. म्हणाली, "जायचं तर गायवाटेनं जा. नाळेनं जाऊ नगा. पोरं लहान हायती आपली." पण मिस्त्री नाळेनंच गेले होते. मी गायवाटेनं जाऊन काय करणार होतो? दोर घेतला, कोयता घेतला, बॅटरी घेतली आणि मागे पळालो.

नाळेच्या तोंडाशी पोचलो. वर बघितलं. वर एक उजेड हलत होता. म्हटलं, हे मिस्त्री. हाक मारली. उजेड थांबला. मी चढलो, तर उजेडही चढला. मी थांबलो, तर थांबला. मी पळालो. दगडावरून पाय घसरले, गुडघा फुटला, तरी अंतर तेवढंच. एक हातही कमी नाही. दम खायला थांबलो आणि सहज मागे वळून बघितलं. मागेही एक उजेड. खाली. तेवढ्याच अंतरावर. तोही थांबलेला.

आता सांगा, यातला मिस्त्री कुठला?

मी वरच निघालो. एका दगडावर त्यांचा पांढरा बाण दिसला. जुना, ऊनपावसानं उडालेला. वर दाखवणारा. बरं वाटलं. पुढच्या दगडावर बाण. वर. त्याच्या पुढच्यावर बाण, आणि तो डावीकडे.

डावीकडे बाण असायला नको होता. नाळेच्या मध्यावर डाव्या हाताला एक आडवी वाट फुटते. वाट कसली, कड्याच्या पोटाला एक माणूस जाईल एवढी पट्टी. पुढे जाऊन ती संपते. मिस्त्रींनी ती पहिल्या महिन्यातच बघून सोडून दिली होती आणि तिथं बाण नाही तर फुली मारली होती. मी त्या बाणावर बोट लावलं. बोटाला रंग लागला. ओला. वासही आला. रंगाचा डबा माझ्या घरी खाटेखाली होता, मी डोळ्यांनी बघून निघालो होतो.

बाण सोडून मी सरळ वर चढलो. वर, वर, वर. छातीत भाता चाललेला. आणि समोर तोच दगड. तोच ओला बाण. माझ्या बोटाचा ठसा त्याच्यावर तसाच. म्हटलं, असू दे, परत चढू. चढलो. परत तोच दगड. चढत होतो बरं का मी. उतरलो नव्हतो. वळलोही नव्हतो. तरी तिसऱ्यांदा तोच दगड.

आणि तिसऱ्या वेळेला त्या दगडावर मिस्त्री बसले होते.

बॅटरी विझवून, दम खात. मी आधी त्यांचा हात धरून बघितला. गरम होता. नाडी उडत होती. माणूसच होता. मी खाली बसलो त्यांच्यापाशी. म्हटलं, चला परत. त्यांनी बुटाचे बंद आवळले. मी म्हटलं, मिस्त्री, वर्ष झालं. वर्षभर कोण शिट्टी वाजवणार? अन्नाविना, पाण्याविना?

तेव्हा ते जे बोलले ते मी विसरलो नाही. विसरणारही नाही. शांतपणे म्हणाले, "देवजी, मला कळतं रे. ती नाही, हे मला कळतं. पण आवाज तिचाच आहे ना?"



"मला फक्त जवळून ऐकायचाय," म्हणाले. "एकदा."

आणि तेवढ्यात आवाज आला. डावीकडून, त्या पट्टीवरून. मोठ्यानं नाही. शेजारच्या खोलीतून यावा तसा. "बाबा." मग थोड्या वेळानं, "बाबा, पाय दुखतोय."

तो आवाज मलाही ओळखीचा होता. मी त्या पोरीला भात वाढला होता. मामा, थोडासाच वाढा, असं म्हणाली होती ती मला. तोच आवाज. कणभरही फरक नाही.

मिस्त्री उठले. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. त्यांनी ओढलं. मी सोडलं नाही. ते मला ओढत पट्टीवर आले. मी पायांनी अडवतोय, दगड खाली जातायत आणि खाली पडल्याचा आवाजच येत नाहीये. आणि मग समोर उजेड झाला. पट्टीच्या पुढे, सपाट जागेवर, एक तंबू. केशरी रंगाचा. आत दिवा लावलेला. दिव्यानं कापड उजळलेलं आणि त्यावर आत बसलेल्या मुलीची सावली. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. केस बांधत होती.

मिस्त्रींनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मोकळ्या हातानं माझी बोटं एकेक करून सोडवायला लागले. नट सोडवावा तसं, हळू, जपून. मला लागू नये म्हणून. मी धरून ठेवलं होतं. मग धरलेलं नव्हतं. त्यांनी सोडवलं का मी सोडलं, ते मला आजवर कळलेलं नाही. ताई, तुम्ही मान हलवू नका. तुम्ही नव्हतात तिथं.

ते चालत गेले. तंबूपाशी वाकले. चेन उघडल्याचा आवाज मी ऐकला, सर्रकन. आणि दिवा विझला. सगळं काळं. माझी बॅटरीही गेली. आपटली, हलवली, नाही लागली.

मी खाली बसलो. माझ्या बापानं मला एकच शिकवलं होतं. चकवा लागला की बसायचं. जिथं असशील तिथं. पाऊल टाकायचं नाही, पुढे नाही, मागेही नाही. चाचपलं, तर हाताला अंजनीचं झाड लागलं. कड्याच्या फटीत उगवलेलं, बुटकं, लोखंडासारखं. दोर कमरेला गुंडाळला आणि झाडाला बांधला. चार गाठी मारल्या. कोयता लांब फेकून दिला, म्हणजे दोर कापायची बुद्धी झाली तरी कापता येऊ नये. मग बिडी पेटवली. बिडीचं टोक तेवढं दिसत होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. मग हाक आली.

"देवजी, सापडली रे."

मिस्त्रींचा आवाज. समोरून. आणि आनंदाचा. वर्षभरात त्या माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लहान पोरासारखा. "देवजी, ये लवकर." मी गप्प बसलो. आमच्याकडे म्हणतात, माणूस तीनदा हाक मारतो आणि चकवा दोनदाच मारतो. शिट्टी कितीही वाजवेल, पण नाव घेऊन तिसरी हाक त्याला जमत नाही. म्हणून तिसरीला ओ द्यायची. मी मोजत बसलो. दोन झाल्या. तिसरी आली नाही.

मी म्हटलं, हा तो आहे. हे मिस्त्री नाहीत.

परत बराच वेळ गेला. दोन बिड्या संपल्या. परत हाक. आता आवाज हळू होता, दाबल्यासारखा. "देवजी. दोर आण. पाय मोडलाय." थांबला. "देवजी." आणि बंद. परत दोनच.

बाबांनो, माझा हात गाठीवर गेला होता. पहिली गाठ मी सोडली. दुसरी सोडली. मनात म्हणत होतो, माणूस आहे, पाय मोडलाय, दोर माझ्याकडे आहे, मी इथं बसून बिड्या काय ओढतोय? तिसरी गाठ सोडली. चौथीला हात घातला.

आणि माझी आई बोलली. मागून, कानाशी. "देव्या, ऊठ. जा बघू, माणूस बोलवतोय." मला देव्या म्हणणारं माणूस जगात एकच होतं, आणि तिला मी माझ्या हातानं पोचवून आलो होतो. नऊ वर्षं झाली होती. "देव्या, ऊठ रे."

तेव्हा माझी खात्री झाली. हे सगळं त्याचंच. सगळं. मी तिन्ही गाठी परत मारल्या. डोक्याचं मुंडासं फाडलं, बोळे केले आणि दोन्ही कानांत कोंबले. आत, आत, दुखेपर्यंत. वरून हात दाबले. गुडघ्यांत डोकं घातलं. मग मला काही ऐकू आलं नाही. माझ्या स्वतःच्या रक्ताचा आवाज तेवढा. तसाच बसलो. रात्र संपेपर्यंत तसाच.

डोळ्यांना उजेड कळला तेव्हा मान वर केली. बोळे काढले. पाखरं बोलायला लागली होती. आणि समोर बघितलं.

माझ्या पायांपासून दोन हातांवर पट्टी संपली होती. जिथं तंबू होता, सपाट जागा होती, दिवा होता, तिथं काही नव्हतं. दरी होती. धुकं भरलेली दरी. चौथी गाठ सुटली असती, मी उठून दोनच पावलं टाकली असती, तर आज तुम्हाला हे सांगायला कुणी नसतं. वाचलो मी. एका गाठीवर वाचलो.

हो. इथं संपवली तरी चालेल गोष्ट. पुष्कळांना मी इथंच संपवून सांगतो. ते म्हणतात, मामा, वाचलात बघा. मी हो म्हणतो.

पण तुम्ही आज रात्रीच निघायचं म्हणताय. म्हणून पुढचं सांगतो.

धुकं जरा हललं तेव्हा खाली बघितलं. पन्नासेक फुटांवर कड्याला एक टप्पा होता, कारवीनं भरलेला. त्यात मिस्त्रींचा शर्ट दिसला. म्हटलं, संपलं. पडल्या पडल्या गेले असतील. दोर अंजनीला बांधलेलाच होता. तो धरून उतरलो. हात सोलून निघाले.

ते पाठीवर पडले नव्हते. बसले होते. कड्याला टेकून, पाय लांब करून. उजवी मांडी मोडली होती, हाड बाहेर आलं होतं. आणि त्या मांडीला वर, जांघेपाशी, त्यांनी स्वतःच्या गळ्यातला मफलर बांधला होता. आत काठीचा तुकडा घालून पिळला होता, रक्त थांबावं म्हणून. पिळून मग गाठ मारली होती. अंधारात, मोडक्या पायानं, एकट्यानं. व्यवस्थित गाठ. मिस्त्रीची.

मी त्यांच्या गालाला हात लावला. गार होता. मग शर्टाच्या आत, काखेत हात घातला.

तिथं अजून ऊब होती.

समजलं ना तुम्हाला? का सांगू? पडल्या पडल्या गेले नव्हते ते. रात्रभर होते. माझ्या पायांखाली पन्नास फुटांवर, जिवंत. आणि मी वर दोर कमरेला बांधून बसलो होतो.

मग ती हाक कुणाची? सापडली रे, ही त्याची, त्या चकव्याची. आईची तर त्याचीच. पण मधली? दोर आण, पाय मोडलाय, ही कुणाची? दोनदाच मारली खरी. पण पाय मोडलेला माणूस तिसऱ्या हाकेपुरता दम कुठून आणणार? आणि मी कानांत बोळे घातल्यावर तिसरी आली असेल का? चौथी, दहावी आली असेल का? मला माहीत नाही. चौदा वर्षं रोज मोजतो मी. माझ्याकडे दोनच आहेत.

पोलिसांना मी एवढंच सांगितलं, अंधारात चुकामूक झाली. खोटं नव्हतं ते. पोरगी मात्र सापडलीच नाही. अजूनही नाही.

महिन्यानं शालनबाई आल्या. एकदाच आल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या. इथं ओट्यावर बसल्या. दोघांचे दिवस एकदमच केले म्हणाल्या. पारूनं चहा दिला. त्यांनी तो पूर्ण घेतला. मग मला विचारलं, "त्यांनी हाक मारली होती का?"

मी म्हटलं, "नाही बाई. लगेच गेले ते. त्यांना काही कळलं नसेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. मला राग चालला असता. म्हणाल्या, "मफलरची गाठ मीच सोडली. दवाखान्यात. खूप घट्ट होती." मग उठल्या, कपबशी स्वतः आत नेऊन ठेवली आणि फाट्याकडे चालत गेल्या. मी जीपनं सोडतो म्हटलं. नको म्हणाल्या.

शिट्टी आता वाजत नाही. आता वरून एक माणूस हाक मारतो. दर महिन्याला नाही, पण असल्या थंडीत एखाद्या रात्री मारतो. माझंच नाव घेऊन. दोनदा. गावातली माणसं दारं लावून घेतात. मीही लावतो. पारू तेवढा वेळ माझ्या हातावर हात ठेवून बसते.

पोरांनो, इथल्या डोंगरावर तुम्ही कुठंही जा. टाक्यावर जा, भैरोबाच्या सुळक्यावर जा, मी स्वतः पुढे चालेन, तुमच्या सॅकही घेईन. पण काळ्या नाळेच्या वाटेला जाऊ नका. रात्री नको, दिवसाही नको. तिथं हाक आली तर जा, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. आणि जाऊ नका, असंही माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून म्हणतो, त्या वाटेवर पाऊलच ठेवू नका.

झोपा आता. आत घोंगड्या आहेत. आणि दार लावून घ्या.